बेंजामिन फ्रँकलिन : विजेची परीक्षा घेणारा छापखानेवाला

विज्ञानाच्या तासाला फ्रँकलिनचं नाव निघालं की मुलांना एकच चित्र आठवतं. वादळी पाऊस, उघडं मैदान, हातात पतंगाचा दोर धरलेला एक म्हातारा, शेजारी त्याचा लहानगा मुलगा आणि वरून थेट पतंगावर कोसळणारी लखलखीत वीज. या चित्रातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या आहेत. १७५२ साली फ्रँकलिन शेहेचाळीस वर्षांचा होता. त्याचा मुलगा विल्यम तेव्हा चांगला विशीतला तरुण होता. प्रयोगाचं जे वर्णन फ्रँकलिनने छापलं, त्यात पतंग उडवणाऱ्याने छपराखाली किंवा दाराच्या आत उभं राहायचं असं स्पष्ट सांगितलं आहे. आणि पतंगावर वीज पडलीच नव्हती. पडली असती तर पुढची अडतीस वर्षं त्याला मिळाली नसती!

चित्र चुकीचं असलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडतं असं की मुलं त्यातून धाडस शिकतात. आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात, कपाटाच्या खणात नाहीतर शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, एक टेस्टर पडलेला असतो. सहावी-सातवीतलं पोर विजेचा पाठ शिकून घरी येतं आणि पहिला हात त्या टेस्टरला घालतं. म्हणून हे चरित्र सांगताना मी पतंगापेक्षा फ्रँकलिनच्या हातातल्या साधनांवर जास्त भर देतो. वीज आहे की नाही हे तपासायला त्याने काय वापरलं, ते कसं धरलं, आणि एकदा चुकीचं धरलं तेव्हा काय झालं, हा त्या आयुष्यातला खरा शिकवण्याजोगा भाग आहे.

जन्म १७ जानेवारी १७०६, बोस्टन. वडील जोसाया साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. त्यांच्या सतरा अपत्यांपैकी बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांमध्ये शेंडेफळ. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली, त्यातही गणितात तो नापास झाला. (ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकांवर एकदम जान येते. तो पुढे स्वतःहून गणित शिकला, हे लगेच सांगावं लागतं.) दहाव्या वर्षी वडिलांच्या धंद्यात, बाराव्या वर्षी मोठा भाऊ जेम्सच्या छापखान्यात उमेदवारी. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी, १७२३ मध्ये, घरातून पळून तो फिलाडेल्फियाला पोचला. मध्ये दीड-दोन वर्षं लंडनच्या छापखान्यांत काढली, परत आला, स्वतःचा छापखाना घातला, वर्तमानपत्र चालवलं, पंचांगवजा वार्षिक काढलं. ते तुफान खपलं. १७३१ मध्ये वर्गणी काढून वाचनालय उभं केलं, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची तुकडी. १७४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने छापखाना भागीदाराच्या हाती सोपवला आणि रोजच्या धंद्यातून बाहेर पडला.

विजेचं वेड त्याआधीच लागलं होतं. त्या काळी वीज म्हणजे करमणूक होती. काचेची नळी रेशमाने घासायची, ठिणग्या काढायच्या, लोकांचे केस उभे करायचे. १७४५-४६ च्या सुमाराला युरोपात लायडन जार निघाला. आतून-बाहेरून धातूचा थर दिलेली काचेची बरणी, आणि आतल्या थराला जोडलेली एक तार. हिच्यात विद्युतप्रभार साठवता येतो. आपण आज ज्याला कपॅसिटर म्हणतो त्याचा हा खापरपणजोबा. फ्रान्सच्या राजासमोर एकशेऐंशी सैनिकांनी हातात हात धरून रांग केली, टोकाच्या दोघांनी बरणीला हात लावला आणि सगळी रांग एकदम उडाली, अशी करमणूक तेव्हा दरबारात चालायची.

लंडनचे व्यापारी पीटर कॉलिन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या त्या वाचनालयाला काचेची एक नळी आणि वापरायच्या सूचना पाठवल्या. फ्रँकलिन आणि त्याचे तीन-चार मित्र तिच्यावर तुटून पडले. १७४७ पासून तो कॉलिन्सन यांना पत्रांतून निष्कर्ष कळवू लागला. धन आणि ऋण, म्हणजे प्लस आणि मायनस, ही भाषा विजेला त्याने दिली. अनेक बरण्या एकत्र जोडल्या की त्याला बॅटरी म्हणायचं, हेही त्याचंच.

त्या पत्रांमधला एक प्रयोग माझ्या दृष्टीने पतंगापेक्षा मोठा आहे, आणि तो शाळेत कुणी सांगत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीच्या तोंडावर तीन-चार इंच व्यासाचा लोखंडी गोळा ठेवला. शेजारी रेशमी दोऱ्याने एक बुचाची गोळी लटकवली. गोळ्याला प्रभार दिला की बुचाची गोळी दूर ढकलली जाते. आता हातात एक टोकदार लोखंडी सळई धरून तिचं टोक गोळ्यापासून सहा-आठ इंचांवर आणलं, की गोळ्यावरचा प्रभार गुपचूप निघून जातो आणि बुचाची गोळी परत येऊन चिकटते. टोकाच्या या गुणाकडे त्याच्या मित्राने, थॉमस हॉपकिन्सनने, लक्ष वेधलं होतं. मग फ्रँकलिनने तीच सळई कोरड्या लाखेच्या कांडीत बसवली आणि लाख धरून टोक पुढे केलं. काहीच झालं नाही. गोळी होती तिथेच. मग लाखेवरून बोट हळूच पुढे सरकवत नेलं आणि ते लोखंडाला टेकलं, त्या क्षणी गोळी परत आली.

जरा थांबून विचार करा. लोखंड तेच, टोक तेच, अंतर तेच. फरक फक्त एवढाच की बोट टेकल्यावर सळईपासून माणसाच्या अंगातून जमिनीपर्यंत वाट तयार झाली. वीज तपासणारं साधन एकटं काम करत नाही. ते धरणारा माणूस आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन, हे सगळं मिळून एक परिपथ होतो. १७४७ साली फ्रँकलिनला हे कळलं होतं.

कळलं होतं, तरी तीन वर्षांनी त्याने तीच चूक केली.

फ्रँकलिनला विजेने टर्की मारून दाखवायची हौस होती. शुइलकिल नदीच्या काठी विजेवर मारलेल्या टर्कीची मेजवानी करायची, असा बेत त्याने १७४९ च्या एका पत्रात आखला होता. २३ डिसेंबर १७५० ला घरी मंडळी जमली होती. दोन मोठ्या बरण्या पूर्ण भारलेल्या होत्या, नेहमीच्या छोट्या चाळीस बाटल्यांइतका प्रभार त्यांत होता. पाहुण्यांच्या गप्पा चालल्या होत्या, कुणी त्याच्याशीही बोलत होतं. एका हातात बरण्यांच्या बाहेरच्या थराला जोडलेली साखळी होती, आणि बोलता बोलता त्याचा दुसरा हात वरच्या तारांना लागला. सगळा प्रभार एका हातातून शिरून, छातीतून, दुसऱ्या हाताने बाहेर पडला. बघणाऱ्यांना मोठा झगझगाट दिसला, पिस्तूल झाडल्यासारखा आवाज ऐकू आला. त्याला स्वतःला यातलं काहीच कळलं नाही. शुद्ध क्षणभर गेली. भानावर आला तेव्हा सगळं अंग थरथरत होतं. हात आणि मान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होते, छातीचं हाड पुढे काही दिवस दुखत राहिलं.

दोनच दिवसांनी, नाताळच्या दिवशी, त्याने हे सगळं भावाला कळवलं. एका ओळखीच्या प्रयोगकर्त्याला सावध करायला सांगायला हरकत नाही, पण गावभर करू नको, कारण इतका निष्काळजीपणा झाल्याची लाज वाटते, असं त्यात होतं. लपवावंसं वाटलं तरी त्याने ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं.

या प्रसंगात शाळेच्या प्रयोगशाळेचे तीन नियम बसलेले आहेत. पहिला, विजेचं काम चालू असताना करणाऱ्याशी बोलायचं नाही. दुसरा, शक्यतो एकच हात वापरायचा. दोन हात दोन ठिकाणी लागले की प्रवाहाची वाट छातीतून, हृदयाजवळून जाते. जुने वायरमन दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवतात, ती ऐट नव्हे. आणि तिसरा, बंद केलेलं उपकरण म्हणजे निर्धोक उपकरण असं नाही. बरणी कशालाही जोडलेली नव्हती, तरी तिच्यात प्रभार होता. आजही मायक्रोवेव्हसारख्या उपकरणातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावर काही काळ प्रभार राहू शकतो. मुलांनी (आणि हौशी बाबांनी) ते उघडायचं नाही.

टर्कीच्या प्रसंगाच्या काही महिने आधीच, १७५० च्या उन्हाळ्यात, त्याने ढगांतली वीज तपासायची एक योजना लंडनला पाठवली होती. उंच मनोऱ्यावर पहारेकऱ्याची असते तशी लाकडी चौकी बांधायची. तिच्यातून वीस-तीस फूट उंच, टोकदार लोखंडी सळई वर काढायची. सळई खाली जमिनीला टेकता कामा नये, तिच्या बुडाशी विद्युतरोधक बैठक हवी. ढग आले की माणसाने त्या बैठकीवर उभं राहून ठिणगी निघते का बघायचं. पण माणसाला धोका वाटत असेल तर? तर त्याने त्या बैठकीवर न चढता खाली चौकीच्या जमिनीवर उभं राहायचं. एक तार घ्यायची, तिचं एक टोक छपराच्या शिशाच्या पत्र्याला पक्कं जोडायचं, दुसऱ्या टोकाचा फास करायचा, आणि तो फास मेणाच्या मुठीने धरून सळईजवळ न्यायचा. वीज असेल तर ठिणगी सळईतून तारेत जाईल, तारेतून छपराकडे जाईल, आणि माणसाच्या अंगात शिरणार नाही.

माझ्या मते फ्रँकलिनची ही छोटी मेणाची मूठ त्याच्या पतंगापेक्षा जास्त वेळा शिकवायला हवी. आज तपासणीच्या साधनाला जे लागतं ते सगळं तिच्यात आहे. धरायला विद्युतरोधक मूठ आहे, आणि विजेला जायला माणसाला वगळून दुसरी वाट आहे.

ही पत्रं १७५१ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली, मग त्यांचं फ्रेंच भाषांतर झालं. फ्रान्समधल्या मार्ली-ला-व्हिल गावात दालिबार नावाच्या गृहस्थांनी चाळीस फूट उंचीची सळई उभारली. १० मे १७५२ ला ढग गडगडले तेव्हा दालिबार गावात नव्हते. राखणीला ठेवलेला क्वाफिए नावाचा जुना सैनिक पुढे झाला. त्याच्याकडे काचेच्या बाटलीत बसवलेली पितळी तार होती, म्हणजे बाटली हीच मूठ. तार सळईजवळ नेताच चर्रकन ठिणगी आली. त्याने गावच्या पाद्रीबाबांना बोलावणं धाडलं. पाद्रीबाबा पळत सुटलेले पाहून गावकऱ्यांना वाटलं, क्वाफिए मेला! तो ठणठणीत होता. ढगातली वीज आणि काचेच्या नळीतली वीज एकच आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

फ्रान्सची बातमी अमेरिकेला पोचण्याआधी, त्याच जूनमध्ये, फ्रँकलिनने पतंग उडवला असं मानतात. नेमकी तारीख त्याने नोंदलेली नाही, आणि प्रयोग खरंच केला का याबद्दल काही इतिहासकार शंका घेतात. पण ऑक्टोबरमध्ये त्याच्या वर्तमानपत्रात कृती छापली गेली, ती अशी. देवदाराच्या दोन हलक्या काड्यांचा फुलीसारखा सांगाडा, त्यावर मोठा रेशमी रुमाल, वर फूटभर टोकदार तार. खाली दोरा. दोऱ्याच्या शेवटी रेशमी फीत बांधायची आणि हातात ती फीत धरायची. दोरा आणि फीत जिथे जुळतात तिथे किल्ली. पावसाने दोरा भिजायला हवा, म्हणजे तो वाहक होईल. फीत मात्र कोरडीच राहायला हवी, म्हणून छपराखाली उभं राहायचं. दोरा दाराच्या चौकटीला लागू द्यायचा नाही.

पाहिलंत? एकाच दोरीचा एक भाग मुद्दाम ओला आणि एक भाग मुद्दाम कोरडा. कुठून वीज यावी आणि कुठे अडावी, हे सगळं आधी ठरवलेलं. तरीही या मांडणीत एक मोठी खोट आहे. वीज आली की नाही हे बघायला त्याने किल्लीजवळ बोटाचं पेर नेलं. म्हणजे टेस्टरचा दिवा म्हणून स्वतःचं बोट वापरलं, आणि मध्ये रोध काही नाही. वादळातल्या हवेतून दोऱ्यावर जमलेला थोडासा प्रभार होता, म्हणून ठिणगीवर निभावलं. प्रत्यक्ष वीज पडली असती तर कोरडी फीत काही कामाची नव्हती. हा प्रयोग मुलांनी कधीही, कसल्याही स्वरूपात करायचा नाही, हे वर्गात ठणकावून सांगावं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने घरावर सळई बसवली आणि तिची तार जिन्याजवळून, त्याच्या खोलीच्या दारासमोरून, खाली जमिनीत नेली. दारासमोर तार तोडून दोन टोकं साधारण सहा इंच दूर केली, प्रत्येकावर एक छोटी घंटा बसवली आणि मधोमध रेशमी दोऱ्याने पितळेची गोळी लटकवली. वर भारलेला ढग आला की गोळी या घंटेवरून त्या घंटेवर आपटू लागे. हात न लावता वीज आहे हे कळवणारा हा घरगुती दर्शक. घंटा वाजल्या की तो उठून ढगांचे प्रयोग करी. ढगांचा खालचा भाग बहुतेक वेळा ऋणप्रभारित असतो, हे त्याला अशाच निरीक्षणांतून कळलं. एका रात्री दोन घंटांमध्ये विजेचा असा झोत वाहू लागला की जिन्यात पडलेली टाचणी सापडावी इतका उजेड झाला.

मधल्या काळात हाच प्रयोग युरोपभर होऊ लागला. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेऑर्ग रिखमन नावाचे प्राध्यापक होते. विजेचं प्रमाण मोजायचं साधन बनवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक. धातूच्या पट्टीला एक तागाचा दोरा लावलेला, मागे अंशांची खूण केलेली पाटी. प्रभार जितका जास्त, तितका दोरा पट्टीपासून दूर. हे साधन त्यांनी घराच्या छपरावरून आणलेल्या सळईला जोडलं होतं. ती सळई जमिनीला जोडलेली नव्हती, कारण जोडली तर प्रभार निघून जाणार आणि मोजायला काही उरणार नाही.

६ ऑगस्ट १७५३ ला अकादमीत बसलेले असताना गडगडाट ऐकू आला. रिखमन घाईने घरी निघाले, चित्र काढून घ्यायला सोकोलोव नावाच्या कोरक्याला बरोबर घेतलं. साधनावरचा आकडा वाचायला ते वाकले. सळई डोक्यापासून साधारण फूटभर अंतरावर होती. तिच्यातून निळसर गोळा निघाला आणि त्यांच्या कपाळावर आदळला. रिखमन जागीच गेले. कपाळावर लाल डाग, एका पायातला जोडा फाटलेला. सोकोलोव खाली फेकला गेला पण वाचला. खोलीच्या दाराची चौकट चिरली होती. त्याच वेळी त्याच शहरात लोमोनोसोव हे त्यांचे सहकारी आपल्या घरी असाच प्रयोग करत होते. निरोप येताच ते धावले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रिखमन अनाडी नव्हते. त्यांच्या काळातल्या सर्वात जाणत्या लोकांपैकी होते. विजेला जमिनीत जायला वाट नव्हती आणि सगळ्यात जवळची वाट त्यांच्या कपाळातून जात होती, एवढंच घडलं. साधन अचूक होतं, ते वाचायची जागा चुकीची होती.

इथे मी वर्गात खरा टेस्टर काढून दाखवतो. जोडत नाही, फक्त दाखवतो. स्क्रूड्रायव्हरसारखं पातं, आत एक रोधक, एक बारीक निऑनचा दिवा, एक स्प्रिंग आणि मागे धातूची टोपी. पातं फेजला लागलं आणि बोट टोपीवर टेकलं की प्रवाह पात्यातून, रोधकातून, दिव्यातून, बोटातून, अंगातून जमिनीकडे जातो. लाखेच्या कांडीवरून सरकलेल्या त्या बोटाची इथे आठवण करून द्यायची. तीच गोष्ट. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. रोधक साधारण दहा लाख ओहमच्या घरातला असतो, म्हणून प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही बराच खाली राहतो आणि आपल्याला जाणवत नाही. म्हणजे आपल्या आणि मेन लाइनच्या मध्ये तो तांदळाच्या दाण्याएवढा रोधक उभा असतो! टेस्टर पाण्यात पडलेला असेल, चिरलेला असेल, वर्षानुवर्षं घट्ट स्क्रू पिळायला वापरलेला असेल, तर तो सरळ टाकून द्यावा. तपासताना बोटं पात्याला लागता कामा नयेत. ओले हात, ओली फरशी असेल तर तपासायचंच नाही.

त्याहून मोठा धोका वेगळा आहे. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं लोक धरून चालतात. पण दिवा बिघडलेला असू शकतो. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही. जाड रबरी चपला घालून किंवा कोरड्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहिलं तर जमिनीची वाट कमजोर होते आणि दिवा मंद लागतो किंवा कळतच नाही. उलट बाजूने, न्यूट्रल कुठे तुटला असेल तर न्यूट्रलच्या छिद्रातही टेस्टर लागतो आणि माणूस चक्रावतो. म्हणून जाणते वायरमन आधी चालू असलेल्या प्लगवर टेस्टर लावून तो ठीक असल्याचं बघतात, मग हवी ती जागा तपासतात, आणि पुन्हा एकदा चालू प्लगवर खात्री करतात. आणि हात घालण्याआधी मेन स्विच बंद करतात, टेस्टरने काहीही सांगितलेलं असो.

मल्टिमीटरचंही तसंच. वरच्या वर्गांतली मुलं प्रवाह मोजायच्या खाचेत वायर ठेवून तोच मीटर व्होल्टेज बघायला लावतात. प्रवाह मोजताना मीटरचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे तो थेट शॉर्टसर्किट होतो. शाळेत सेलवर काम करा, घरच्या बोर्डवर नको. तिथे मोठ्या माणसानेसुद्धा माहिती असेल तरच जावं.

असो. फ्रँकलिनकडे वळू. १७५३ च्या आपल्या वार्षिकात त्याने तडितरक्षक बसवायची कृती छापून टाकली. लोखंडी सळईचं एक टोक ओलसर जमिनीत तीन-चार फूट, दुसरं घराच्या सर्वात उंच भागाच्या वर सहा-आठ फूट, त्याला सुईसारखी टोकदार पितळी तार. पेटंट घेतलं नाही. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. रिखमनच्या सळईत आणि या सळईत फरक फक्त खालच्या टोकाचा आहे, आणि तोच जीव घेण्यातला आणि वाचवण्यातला फरक आहे. आपल्या घरातल्या तीन पिनांच्या प्लगमधली मोठी, लांब पिन हेच काम करते. ती तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारी घरं अजून आहेत. पालकसभेत हा विषय मी दरवर्षी काढतो.

पुढे कधीतरी घरात असताना विजेपासून कसं वाचावं हेही त्याने लिहिलं. खोलीच्या मध्यावर बसा, धुराड्यापासून, आरशापासून, सोनेरी चौकटींपासून लांब. आजचे इशारेही भिंतीतल्या वायरी आणि नळांपासून दूर राहायला सांगतात. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने काढलेलं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सूचना देतं. खेड्यातल्या पालकांच्या फोनवर ते असायला हवं. फ्रँकलिनच्या घंटांचं काम आता ते करतं.

त्या घंटांचा शेवट मजेशीर आहे. १७५७ मध्ये फ्रँकलिन कामासाठी लंडनला गेला आणि बायको डेबोरा फिलाडेल्फियाला राहिली. रात्री-अपरात्री वाजणाऱ्या घंटांनी ती धास्तावायची. तिने कळवलं. त्याने उलट टपाली उपाय सांगितला. दोन्ही घंटांना जोडणारी एक तार बांध, म्हणजे वीज आवाज न करता त्या तारेतून खाली जाईल. एका बायकोच्या तक्रारीवर दिलेलं हे उत्तर विद्युतशास्त्राच्या दृष्टीने अगदी चोख आहे. मोकळी जागा बुजवली, मोजमाप संपलं, संरक्षण मात्र पुरं झालं.

नंतरचं आयुष्य राजकारणात गेलं. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. फ्रान्सची मदत मिळवण्यासाठी तो जवळजवळ नऊ वर्षं पॅरिसला होता. १७८३ चा तह, १७८७ ची राज्यघटना, दोन्हींत त्याचा हात होता. याच माणसाने अनेक वर्षं घरी गुलाम ठेवले होते, आणि म्हातारपणी गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या संस्थेचा तो अध्यक्ष झाला. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. मोठ्या माणसाचं अर्धंच चरित्र सांगितलं की ते पतंगाच्या चित्रासारखं होतं. १७ एप्रिल १७९० ला, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, तो फिलाडेल्फियाला वारला.

त्याच्या तीन वर्षं आधी एका इटालियन शास्त्रज्ञाला त्याने एक बारीकशी हकीकत कळवली होती. १७८५ मध्ये तो पॅरिसहून घरी परतला, तेव्हा तो नसताना घरावर एकदा वीज पडून गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. घराला कुठे तडा नव्हता, आतल्या कुणाला काही झालं नव्हतं. पुढे घर वाढवताना सळई खाली काढली, तेव्हा तिच्या टोकावरची नऊ इंचांची तांब्याची सुई जवळजवळ सगळी वितळून उडून गेलेली दिसली.